मानशीच्या तोंडाशी फ्लाय: काय वाचावे, कोणाकडून शिकावे

पेडणे तालुक्यातील एका तरुण शिक्षकांचे मला पत्र आले आहे. वर्षभरापूर्वी त्यांनी फ्लायने, म्हणजे पिसे आणि दोरा यांनी बांधलेल्या खोट्या भक्ष्याने, मासे गरवण्यासाठी आठ नंबरची फ्लाय काठी घेतली, चित्रफिती पाहून फेक शिकून घेतली, आणि शापोरा नदीच्या खाडीत आजवर दोन लहान तांबोसे आणि एक चोणक एवढेच त्यांच्या हाती लागले. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. या छंदाविषयी नेमके काय वाचावे? आसपास फ्लाय काठी हातात धरणारा दुसरा कोणीही दिसत नसताना सोबत कोठे शोधावी? आणि थंड प्रदेशातील ट्राऊटच्या नद्यांवर वाढलेली ही परंपरा, पकडलेला मासा परत पाण्यात सोडण्याच्या तिच्या रीतीसह, रोजच्या जेवणात मासा असणाऱ्या गोव्याच्या घरात बसते का?

मी बावीस वर्षे मांडवी, झुआरी आणि तेरेखोलच्या खाड्यांत फ्लायने मासे गरवत आलो आहे. माझ्या अनुभवाचे उत्तर आधी थोडक्यात सांगतो. फेकीविषयी तुम्ही पुरेसे पाहिले आहे. आता पाण्याविषयी आणि मासा काय खातो याविषयी वाचा. सोबत शोधायला दूर जाऊ नका, कारण तुम्हाला शिकवू शकणारी माणसे तुमच्याच गावच्या बांधावर रोज बसलेली असतात. फ्लाय काठी त्यांच्याकडे नाही, एवढाच फरक आहे.

साध्या गरीला शिसे किंवा आमिष यांचे वजन असते आणि ते वजन दोर ओढत नेते. फ्लायला वजन जवळजवळ नसते, म्हणून येथे दोरच जड असतो आणि तो फ्लायला वाहून नेतो. आठ नंबरच्या लाइनीच्या पहिल्या 30 फुटांचे वजन 210 ग्रेन, म्हणजे सुमारे साडेतेरा ग्रॅम असते. ही गोष्ट पत्रलेखकांना माहीत आहे, तरी ती पुन्हा सांगण्याचे कारण असे की, या छंदाचे सारे वाङ्मय याच अडचणीतून जन्मले आहे. पिसे आणि दोरा यांनी बांधलेली खोटी वस्तू माशाला खरी वाटावी, यासाठी खरी वस्तू कशी दिसते, केव्हा दिसते आणि पाण्यात कशी हलते हे माणसाला बारकाईने पाहावे लागले. एकाने पाहिले ते त्याने लिहून ठेवले, आणि दुसऱ्याने ते वाचून खोडून काढले.

या लिखाणाची परंपरा फार जुनी आहे. इ. स. 200 च्या सुमारास एलियन या लेखकाने मॅसेडोनियातील कोळ्यांचे वर्णन केले आहे. ते गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची पिसे बांधत. इंग्लंडमध्ये 1496 साली छापल्या गेलेल्या एका लहान प्रबंधात बारा फ्लाय कशा बांधाव्यात ते दिले आहे. आयझॅक वॉल्टनचे ‘द कंप्लीट अँगलर’ 1653 साली आले, पण त्यातील फ्लायविषयीचा खरा अनुभवाचा भाग 1676 च्या पाचव्या आवृत्तीत त्याच्या तरुण मित्राने, चार्ल्स कॉटनने, लिहिला. या कॉटनने 1674 साली डव्ह नदीच्या काठी दगडी खोली बांधली आणि तिच्यावर दोघांच्या नावांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरली. हा तपशील मला फार प्रिय आहे. वृद्ध मित्राने आपल्या पुस्तकातील उणीव ओळखून ती भरण्याचे काम जाणत्या तरुणाकडे दिले आणि तरुणाने त्याच्यासाठी नदीकाठी दार उघडे ठेवले. फ्लाय फिशिंगचा समाज म्हणजे काय, हे मला त्या गुंफलेल्या अक्षरांत दिसते.

तरीही पत्रलेखकांनी वॉल्टनपासून सुरुवात करावी असे मी म्हणणार नाही. त्यांना उपयोग होईल तो हॅलफर्ड आणि स्क्यूज या इंग्लंडमधील दोन फ्लाय-लेखकांच्या वादाचा. फ्रेडरिक हॅलफर्डने 1886 च्या पुस्तकात पाण्यावर तरंगणारी फ्लाय प्रतिष्ठित केली, आणि त्याच्या अनुयायांनी तीच एकमेव सभ्य पद्धत मानली. जी. ई. एम. स्क्यूज पेशाने वकील होता. पकडलेल्या ट्राऊटच्या पोटात काय आहे हे तो हाडातील मगज काढण्याच्या लांबट चमच्याने काढून पाहत असे, आणि तेथे त्याला पृष्ठभागाखालच्या किड्यांच्या अळ्या भरपूर सापडल्या. मासा जे खातो आहे ते पाण्याखाली असेल, तर फ्लायही पाण्याखालीच हवी, हे त्याने 1910 च्या आपल्या पुस्तकात शांतपणे मांडले. ट्राऊट आपल्या कामाचा नाही, पण हा चमचा आपल्या कामाचा आहे.

मी तो धडा म्हापशाच्या बाजारात गिरवला. मासे कापून देणाऱ्या एका बाईंना मी अनेक महिने विनंती करीत असे की, चोणक कापला की त्याचे पोट टाकू नका, मला द्या. पहिल्यांदा त्यांना ते विचित्र वाटले. नंतर त्या स्वतःच केळीच्या पानावर ते बाजूला काढून ठेवू लागल्या आणि मी पोहोचण्यापूर्वीच काय निघाले ते सांगू लागल्या. पावसाळ्याच्या आधी बहुतेक पोटांत सुंगटे, म्हणजे कोळंबी, निघत, बोटभर लांबीची, शेपटीकडे वाकलेली. पावसानंतर शेवटो या माशाची पिल्ले वाढू लागत. त्या पानांवरून मी माझ्या डबीतील निम्म्याहून अधिक फ्लाय काढून टाकल्या. झगझगीत रंगांच्या फ्लाय मला आवडत होत्या, पण त्या कोणाच्याही पोटात नव्हत्या.

आपल्या भूमीवरचे वाचनही आहे, आणि ते पुष्कळांना ठाऊक नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. गोव्याचे कदंब याच चालुक्यांचे मांडलिक होते. ग्रंथाचे पाच भाग असून प्रत्येकात वीस प्रकरणे आहेत. त्यांपैकी विनोदांच्या भागात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण येते आणि त्यात समुद्रातील व नदीतील माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य, गळ टाकण्याची साधने आणि रीत यांचे विवेचन आहे. इंग्लंडमधील त्या प्रबंधाच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधीचा हा मजकूर आहे. त्यात फ्लाय नाही, पण मासा गरवणे हा केवळ पोटाचा व्यवहार न मानता निरीक्षणाचा आणि रंजनाचा विषय मानण्याची दृष्टी आहे. तेव्हा ‘हा छंद परका आहे’ असे कोणी म्हणाल्यास तुम्ही हे पान दाखवू शकता. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये हा ग्रंथ तीन खंडांत निघालेला आहे, आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली याच प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला होता.

दुसरे नाव हेन्री सुलिव्हन थॉमस यांचे. मद्रास मुलकी सेवेतील हा अधिकारी दक्षिण कॅनरा जिल्ह्यात, म्हणजे आपल्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर, काम करीत होता, आणि 1873 साली त्याचे ‘द रॉड इन इंडिया’ प्रसिद्ध झाले. महसीर या नदीतल्या माशासाठी ते पुस्तक प्रसिद्ध आहे. मी मात्र पत्रलेखकांना त्यातील खाडीच्या मासेमारीचा भाग वाचण्यास सांगेन, कारण त्यातला किनारा आपल्यासारखाच आहे. या पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्या महाजालावर विनामूल्य मिळतात, तसेच 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने अंकही. त्या अंकांत मासे गरवणाऱ्यांनी लिहिलेली अनेक टिपणे आहेत. लेखक साहेब लोक आहेत आणि त्यांची कोळ्यांविषयीची भाषा अनेकदा खटकते. ती तशीच समजून घेऊन, त्यांचे निरीक्षण तेवढे घ्यावे. पणजीला पाट्ट्यावर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, 1832 साली सुरू झालेले. तेथे एखादा शनिवार घालवा.

खाऱ्या पाण्याच्या तंत्रासाठी एकच पुस्तक पुरे आहे: लेफ्टी क्रे यांचे 1974 सालचे ‘फ्लाय फिशिंग इन सॉल्ट वॉटर’. त्यातून दोन गोष्टी आपल्या खाडीत थेट लागू पडतात, त्या म्हणजे वाऱ्यात लाइनीचा वेग वाढवणारी दुहेरी ओढ आणि गाठी. फ्लायमध्ये बॉब क्लाउझर यांची, शिशाचे दोन डोळे आकड्याच्या, म्हणजे गळाच्या, वरच्या अंगाला बांधलेली फ्लाय शिकून घ्यावी. डोळ्यांच्या वजनाने आकडा पाण्यात उलटा, टोक वर करून चालतो आणि खारफुटीच्या मुळांत कमी अडकतो. लाइन घेताना ती उष्ण प्रदेशासाठी केलेली आहे याची खात्री करा. थंड पाण्याची लाइन आपल्या एप्रिलच्या उन्हात मऊ आणि चिकट होते, कड्यांतून सरकत नाही, आणि नवशिक्याला वाटते की दोष आपल्या हातात आहे. चोणकाच्या गालफडाच्या कडा सुरीसारख्या असतात, म्हणून शेवटचा हातभर तुकडा 40 पौंडांच्या जाड नायलॉनचा ठेवावा. साधनांविषयी याहून अधिक सांगण्याची मला गरज वाटत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीच्या, बांधात मानस, म्हणजे पाण्याचे फळ्यांचे दार, असते, हे गोव्यातील वाचकांना सांगायला नको. भरती चढू लागली की बाहेरचे पाणी फळ्यांना रेटते आणि त्या आपोआप मिटतात, त्यामुळे खारे पाणी शेतात शिरत नाही. सुकती लागून बाहेरची पातळी आतल्या पोंयच्या, म्हणजे बांधाआड साठलेल्या पाण्याच्या, खाली गेली की आतले पाणी फळ्या लोटून बाहेर पडते. शतकानुशतके भातशेती राखणारी ही व्यवस्था माशासाठी वाढलेल्या ताटासारखी आहे. फळ्या उघडतात त्या क्षणी पोंयमधली सुंगटे आणि शेवट्याची पिल्ले प्रवाहाबरोबर बाहेर फेकली जातात, आणि पाण्याच्या माऱ्याने खणल्या गेलेल्या बाहेरच्या खोल डोहात चोणक त्यांची वाट पाहत उभा असतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत दिवाडीच्या बाजूच्या एका मानशीवर मी असाच घाईने फेकू लागलो होतो. मानस राखणारे काका विडी विझवून उठले, माझ्या शेजारी येऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, “पयलीं उदक पळय, मागीर गरी घाल.” (आधी पाणी बघ, मग गरी टाक.) मी काठी खाली ठेवली. फळ्या अजून मिटलेल्या होत्या. त्यांनी मला फळीच्या खालच्या कडेशी पाण्यात उठणारे बारीक बुडबुडे दाखवले. ते थांबले की आत-बाहेरची पातळी एक झाली असे समजायचे. थोड्या वेळाने लाकूड कण्हल्यासारखा आवाज झाला आणि फळी बोटभर सरकली. काकांनी हात वर करून मला थांबवून धरले. पाणी आधी गढूळ आले, मग स्वच्छ. पहिल्या गढूळ पाण्यात मासा दिसत नाही आणि त्यालाही दिसत नाही, असे त्यांनी सांगितले. पाणी निवळले आणि डोहाच्या पलीकडच्या कडेला, प्रवाह वळून मंद होतो तेथे, ‘टप्’ असा पोकळ आवाज आला. चोणक तोंड उघडून पाणी ओढतो तेव्हाचा तो आवाज आहे. “आतां,” काका म्हणाले. मी वाचलेल्या कोणत्याही पुस्तकात ते बुडबुडे नव्हते.

म्हणून सोबतीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, आधी मानस राखणाऱ्याकडे, पागेर, म्हणजे फेकजाळे, टाकणाऱ्याकडे, खुबे वेचणाऱ्या बायकांकडे जाऊन बसा. पण त्यांच्या जागेचा मान राखून. अनेक मानशींच्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो, आणि ज्याने पैसे भरून तो घेतला आहे त्याला न विचारता तेथे एकही फेक टाकणे म्हणजे त्याच्या शेतात शिरणे आहे. फळ्या उघडल्यावर तो जाळे लावणार असेल, तर तुम्ही काठी गुंडाळून त्याला हात द्यावा. बांधावर चालताना कडेची माती ढासळू देऊ नये. बांध फुटला तर मिठाने गावाची शेती बुडते. मी हे आग्रहाने लिहितो, कारण छंद म्हणून येणाऱ्या माणसाकडून झालेली एक चूक पुढच्या सगळ्यांसाठी दार बंद करते. कुंभारजुवे कालव्यात आणि त्याच्या जवळपास पाण्यात उतरू नका, तेथे मगरी आहेत. दुर्भाट येथील शेतकरी पौष अमावास्येला चिखलाचा मानगो, म्हणजे मगर, करून पूजतात, ते त्या पाण्याशी असलेल्या जुन्या समजुतीनेच. आणि म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव यांसारख्या अभयारण्यांच्या हद्दीतील ओढे तुमच्यासाठी नाहीत, ते कितीही मोहक दिसोत.

मासा सोडण्याचा प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटतो. पकडलेला प्रत्येक मासा सोडलाच पाहिजे असे मी मानत नाही. ज्या घरात मासळीशिवाय जेवण अपुरे वाटते त्या घरात मध्यम आकाराचा एखादा मासा नेणे यात काहीही गैर नाही. पण चोणकाची गोष्ट समजून घ्या. महाराष्ट्रात ज्याला जिताडा म्हणतात तोच हा मासा. तो आधी नर म्हणून वयात येतो आणि पुढे काही वर्षांनी, सुमारे तीन फूट लांबीच्या आसपास, मादी होतो. म्हणजे खाडीतले सर्वांत मोठे चोणक बहुतेक माद्याच असतात आणि पावसाळ्यात नदीच्या मुखाशी अंडी त्याच घालतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये यामुळेच पूर्व किनाऱ्यावर 58 सेंटिमीटरहून लहान आणि 120 सेंटिमीटरहून मोठा असा हा मासा ठेवण्यास बंदी आहे. घरी हे असे सांगा की, लहान सोडतो कारण तो अजून वाढायचा आहे आणि मोठी सोडतो कारण ती आई आहे. माझ्या आईला ‘पकडा आणि सोडा’ हे धोरण कधीच पटले नव्हते. हे मात्र एका वाक्यात पटले. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळण कोंडीत देवीचे म्हणून महसीर राखले जातात आणि लोक त्यांना मुरमुरे टाकतात. मासा हाताशी असून न घेण्याची रीत आपल्याकडे नवी नाही.

सोडायचा असेल तर मात्र तो जगला पाहिजे. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या अनुभवानंतरही माझ्याकडून एक मोठी मादी मेली. मे महिना होता, पाणी कोमट होते, आणि कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. मी बारीक टिपेटने, म्हणजे लाइनीच्या पुढे जोडलेल्या बारीक दोऱ्याने, तिला फार वेळ खेळवले आणि मग छायाचित्रासाठी दोनदा वर उचलले. पाण्यात धरून पंधरा मिनिटे पुढे-मागे हलवत राहिलो, पण तिचे कल्ले उघडेनात. त्या दिवसापासून मी काट्याची उलटी धार पक्कडीने दाबून टाकतो, उन्हाळ्यात दुपारी गरवत नाही, टिपेट 20 पौंडांहून खाली उतरवत नाही, आणि मोठा मासा पाण्याबाहेर काढत नाही. हात आधी ओले करतो, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो.

पिसांविषयी एक सूचना, कारण नवे लोक येथे नकळत चुकतात. व्हिक्टोरिया काळातील, सामन माशासाठी बांधलेल्या फ्लायच्या दोन्ही बाजूंना जो चकचकीत पिवळसर ठिपका दिसतो, तो आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेच्या पिसाचा आहे. सत्तरीच्या रानात पहाटे आरवणारा हाच पक्षी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, तेव्हा कोणी कितीही सहज देऊ केली तरी ती पिसे घेऊ नका. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसे, बकऱ्याचे लांब केस आणि कृत्रिम तंतू यांत खाडीची प्रत्येक फ्लाय बांधता येते. पावसाळ्यात पिसांना बुरशी आणि किडे लागतात. ती हवाबंद डब्यात, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवावीत आणि श्रावणात ऊन पडेल तेव्हा उघडून पाहावीत.

फ्लाय बांधणाऱ्यांचा समाज हवा असेल तर तो याच पावसाळ्यात जमवा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, खाड्या गढूळ असतात, आणि माणसांना संध्याकाळी वेळ असतो. तीन माणसे पुरेत. एक टेबल, एक दिवा, आणि प्रत्येकाने त्या दिवशी एकच फ्लाय पाच वेळा बांधायची, असा आमचा नियम आहे. आमच्या बैठकीत एक होडी बांधणारे सुतार येतात. फ्लाय काठी त्यांनी कधी हातात घेतली नाही, पण दोरा ताणून ठेवण्याची त्यांची युक्ती आम्ही सगळ्यांनी उचलली. तुमच्या शाळेतील मुलांनाही बोलवा, त्यांची बोटे चपळ असतात.

आणि वही ठेवा, मराठीत. मराठीत या विषयावरचे स्वतंत्र पुस्तक माझ्या पाहण्यात आलेले नाही, पण आपल्याकडे शब्द भरपूर आहेत: उधाण, भांग, सुकती, पोंय, मानस, गरी. इंग्रजी तारखेबरोबर तिथी लिहा, कारण तिथीवरून पाणी कळते. कोकणातला जुना हिशोब असा आहे की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांतील मुरगावच्या वेळांशी तो ताडून पाहा, आणि तुमच्या मानशीवर खरी वेळ किती मागे-पुढे पडते ते वहीत उतरवा. वारा, पाण्याचा रंग, फळी उघडल्याची वेळ, कोणते भक्ष्य दिसले, मासा कोठे उभा होता, एवढे पुरे. मासा मिळाला नाही ती नोंद अधिक तपशिलाने लिहा.

येत्या अमावास्येनंतरच्या तृतीयेला उधाणाचा जोर अजून असेल आणि भरती सव्वादोनच्या आसपास पूर्ण होईल. चारच्या सुमारास तुमच्या जवळच्या मानशीवर जा, राखणाऱ्याला विचारून बांधावर बसा आणि फळी सरकताना पाहा. त्या दिवशी काठी घरी ठेवा.